नऊ महिने वापरल्यावर: अंगठी सुंदर, मागचं भोक लहान

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी भांडी घासताना दिसलं, की हिऱ्याच्या खालच्या टोकाशी पांढरट ढग आलाय. हा आधी नव्हता. की होता? सॉल्ट अँड पेपर हिरा घेणाऱ्यांनाच ही भानगड कळेल. आतले काळे ठिपके आणि राखाडी धुकं यांच्यासाठीच तर आपण तो घेतो. स्वच्छ हिऱ्यावर डाग पडला तर तो डाग दिसतो. इथे डाग हीच नक्षी.

आधी थोडक्यात. पतंगाच्या आकाराचा रोझ कट, पाऊण कॅरेट. १८ कॅरेट पिवळं सोनं, निव्वळ ४.२ ग्रॅम. खड्याभोवती हाताने पट्टी वळवून केलेलं कोंदण आणि बाहेरून झाडाच्या सालीसारखा खडबडीत पोत. साखरपुडा जानेवारीत झाला. खरं तर मला हिरवट निळा सफायर हवा होता. पण 'निळा' म्हटल्यावर आईने पत्रिका दाखवल्याशिवाय नीलम बोटात घालायचा नाही म्हणून जाहीर केलं, आणि पत्रिका दाखवण्यापेक्षा खडा बदलणं सोपं होतं. मग हा आला, तर आत्याला साखरपुड्याला काळपट खडा खटकला. मंगळसूत्राचे काळे मणी चालतात ना, एवढंच मी म्हणाले. त्यानंतर विषय जेवणाकडे गेला.

बिलात सोन्याचे पैसे निम्म्याहून कमी होते. बाकी खडा आणि घडणावळ. ४.२ ग्रॅम १८ कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं ३.१५ ग्रॅम, हा हिशोब आईने काउंटरवरच बोटांवर केला आणि घरी येईपर्यंत ती बोलली नाही. अंगठी ज्या डिझायनर स्टुडिओतून घेतली तो जुन्या सोन्याची मोड घेत नाही, तेही तिला लागलं. नवऱ्याचं वळं मात्र आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडून, मोडीतून, २२ कॅरेटचं करून घेतलं. त्यावर नक्षी नाही, खडा नाही, काही नाही. दोन्हींवर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक आहे, हॉलमार्क तपासायच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिलं, जुळलं.

दिसायला अंगठी अजूनही फार आवडते. रोझ कट खालून सपाट आणि वरून घुमटाकार असतो. नेहमीच्या ब्रिलियंट कटसारखा मागच्या बाजूला निमुळता होत नसल्यामुळे तो लखलखत नाही, पहाटेच्या तळ्यासारखा मंद दिसतो. शिवाय वजनाच्या मानाने पसरट, त्यामुळे आहे त्याहून मोठा वाटतो. पैसे दिलेल्या माणसाला हे बरं वाटतं. सालीचा पोत तळहाताच्या बाजूने गुळगुळीत व्हायला लागलाय. बस, स्कूटर, पिशव्या, होणारच.

आता ढग. मी फोटो काढून स्टुडिओला पाठवला. चार मिनिटांत उत्तर: नैसर्गिक इन्क्लूजन्स (म्हणजे आतले ठिपके, धुकं) हे तुमच्या खड्याचं व्यक्तिमत्त्व आहे. सोबत पानाची इमोजी. अहो, व्यक्तिमत्त्व जानेवारीत नव्हतं, भाद्रपदात आलं! जुना फोटो शेजारी ठेवून पुन्हा पाठवला, तर अपॉइंटमेंट मिळाली अकरा दिवसांनंतरची. त्या रात्री मी या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला. त्यात दोन स्टार होते, आणि मागचं भोक बंद करून द्या अशी मागणी होती.

कारण संशय भोकावरच होता. कोंदणाच्या तळाला पत्रा आहे आणि त्याला मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. यातून काहीतरी आत गेलंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

अकरा दिवस थांबवेना म्हणून सोनारकाकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठी उलटी केली, कोमट पाण्यात साबण घालून बुडवली, बारीक तार भोकातून फिरवली. तारेच्या टोकाला पांढरं काहीतरी.

"उकड आहे," ते म्हणाले. "मोदक अंगठी घालून वळलेस ना?"

एकवीस मोदक. अंगठी घालूनच. फोटो काढायचे होते.

तूपतेलाचा हात लावून मळलेली उकड हिऱ्याला चिकटते यात नवल नाही, हे मी नंतर वाचलं. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण स्निग्ध पदार्थ धरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत पूर्वी चुरलेला खडक पाण्याबरोबर चरबी फासलेल्या टेबलांवरून सोडत. बाकीचा दगड वाहून जाई, हिरे चरबीला चिकटून राहत. माझ्या हातात तेच टेबल, फक्त उलटं.

भोक बुजवा म्हटलं, तर काकांनी साफ नकार दिला. बंद कोंदणात पाणी गेलं की बाहेर यायला वाट नाही, आणि असा चपटा खडा मागे जे असेल ते पुढे दाखवतो. आजीच्या जडावाच्या कुड्या अशाच काळवंडल्या होत्या, हे तेव्हा आठवलं. म्हणजे भोक हवंच. चूक त्याच्या आकारात आहे. पत्र्याला बारीक भोक पाडण्याऐवजी खड्याच्या कडेपुरती पट्टी ठेवून तळ मोकळा सोडला असता, तर दात घासायचा मऊ ब्रश आत गेला असता. आत्ता ब्रशचा एकही केस नीट जात नाही. डिझायनरने ही अंगठी कागदावर, मेणात, पॉलिशच्या दिव्याखाली सगळीकडे पाहिली असेल, कणकेच्या परातीत पाहिली नाही.

पेढीवरच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका, हेही काकांनीच बजावलं. खड्यात आधीच बारीक चिरा असतील तर त्या हादऱ्याने वाढू शकतात. ही गोष्ट स्टुडिओच्या कार्डावर हवी होती. कार्डावर झाडावरची कविता आहे.

काकांनी पैसे घेतले नाहीत. स्टुडिओने तळ मोकळा करायचे २,२०० रुपये सांगितले, कारण हा 'डिझाईनमधला बदल' आहे. आणि बाहेरच्या कारागिराने हात लावला तर एक वर्षाची वॉरंटी रद्द.

दोनाचे साडेतीन स्टार करते आहे. दीड स्टार खड्याचा आणि कोंदणाचा. नऊ महिन्यांत पतंगाचं एकही टोक उडालं नाही, कोंदण जराही उचकटलं नाही, ते काम खरंच चोख आहे. पानाच्या इमोजीचे काही नाही.

वॉरंटी जानेवारीत संपते. दुसऱ्या दिवशी अंगठी काकांच्या ऐरणीवर असेल. तोपर्यंत घरात कणीक नवरा मळतो. त्याच्या वळ्याला भोक नाही.