डाउनटाउन डेट्रॉईटमध्ये भाड्याने राहून पाहिलं: शनिवारला पाच तारे, मंगळवारला अडीच

ट्रॉय या उपनगरातलं टाउनहाऊस सोडून मी आणि नवरा डेट्रॉईटच्या डाउनटाउनमध्ये भाड्याने राहायला आलो, त्याला आता वर्ष होत आलं. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि लायन्स या इथल्या फुटबॉल संघाचा एक अख्खा सीझन बघून झाला. इथले ओळखीचे मराठी लोक भेटले की हमखास विचारतात, "खरंच राहण्यासारखं झालंय का गं?" हो किंवा नाही म्हणून सुटका होत नाही, म्हणून हे लांबण. घाई असेल त्यांनी शीर्षक वाचून निघावं. फक्त लक्षात ठेवा, पाहुण्याला शनिवार मिळतो, राहणाऱ्याच्या वाट्याला मंगळवारच जास्त येतात.

आधी घर. आमची इमारत १९२० च्या दशकातली, मुळात ऑफिसांची. अशा जुन्या इमारतींचं राहत्या घरांत रूपांतर हाच रिकाम्या पडलेल्या डाउनटाउनच्या पुनरुज्जीवनाचा कणा आहे. ब्रॉडरिक टॉवर २०१२ मध्ये असा उघडला, १९१५ ची डेव्हिड व्हिटनी बिल्डिंग २०१४ मध्ये. सगळ्यात गाजला तो बुक टॉवर: १९२६ चा, ३८ मजली, २००९ पासून रिकामा पडलेला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच्या रोटुंडाचं, म्हणजे गोल दालनाचं, काचेचं छत एकदा तरी मान वर करून बघून या.

जुन्या ऑफिस इमारतींची घरं बरी होतात, त्याला कारण आहे. तेव्हा एसी नव्हता, ट्यूबलाइट नव्हत्या. प्रत्येक टेबलापर्यंत उजेड खिडकीतूनच यायला हवा, म्हणून इमारती अरुंद बांधत किंवा मधे उजेडासाठी चौक सोडत. १९७० नंतरच्या काचेच्या टॉवरांचं पोट इतकं खोल असतं की तिथे घरं पाडली तर निम्म्या खोल्या अंधारात जातील. तरीही सावध राहा. आमच्याच मजल्यावर असे फ्लॅट आहेत ज्यांच्या बेडरूमला खिडकी नाही, भिंत छताच्या खाली दोन फूट थांबवून हॉलचा उजेड उसना घेतलाय. जाहिरातीत त्याला लॉफ्ट म्हणतात. फोटो बघू नका, प्लॅन मागा.

आणखी एक गंमत. ऐतिहासिक इमारत नीट जपून दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्र सरकारची करसवलत मिळते. पण मग दर्शनी भाग, खिडक्यांची ठेवण, कित्येकदा जुने कॉरिडॉरही तसेच ठेवावे लागतात. परिणाम असा की आमच्या कॉरिडॉरमध्ये संगमरवरी पट्टी आहे, तो इतका रुंद आहे की तिथे शंभर बायकांचं हळदीकुंकू सहज उरकेल. आणि स्वयंपाकघर? एका भिंतीला चिकटवलेला ओटा. चिमणी बाहेर निघत नाही, हवा गाळून परत घरातच सोडते. फोडणी दिली की सातव्या मजल्याला कळतं आज आमच्याकडे काय आहे. कुणी तक्रार केलेली नाही, उलट लिफ्टमध्ये चौकशा होतात.

हिवाळ्यात रस्त्यातल्या झाकणांतून वाफ येताना दिसते, ती डाउनटाउनखालच्या वाफेच्या नळांच्या जाळ्याची. १९०३ पासून ही व्यवस्था चालू आहे आणि बऱ्याच जुन्या इमारती अजून तिच्यावरच तापतात. आमचीही. उणे पंधरात घर उबदार राहिलं, तक्रार उलट दिशेची: रेडिएटरला मधलं काही माहीतच नाही. जानेवारीत खिडकी किलकिली करून झोपलेले आम्हीच असू. इमारतीच्या ऑफिसात तीनदा सांगितलं, तीनदा माणूस आला, बघून गेला. लिफ्टचंही तेच. बाकी भिंती जाड, शेजारच्यांचा आवाज नाही, काम नेटकं. घराला चार तारे देते.

पण घर हा इथल्या अनुभवाचा लहान भाग. ट्रॉयमध्ये आपण घर भाड्याने घेतो. इथे दोन हजार डॉलरच्या आसपासचं भाडं आपण खालच्या रस्त्यासाठी मोजत असतो, नाहीतर तेवढ्याच पैशात सबर्बमध्ये दोन बेडरूम आणि गॅरेज येतं. म्हणून परीक्षा रस्त्याची घ्यायला हवी.

कॅम्पस मार्शियसपासून सुरू केलं तर पहिल्या दहा मिनिटांत मन भरून येतं. २००४ मध्ये रहदारीचा चौक मोडून केलेला हा छोटा बगीचा, हिवाळ्यात बर्फावरचं स्केटिंग, उन्हाळ्यात चक्क वाळू टाकून केलेला बीच. तिथून वुडवर्ड या मुख्य रस्त्याने वर निघालं की हडसन्सचा नवा टॉवर. याच जागेवर हडसन्सचं अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर होतं. ते बंद पडलं, १९९८ मध्ये स्फोटकं लावून पाडलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं शहराच्या ऐन मध्यावर मोकळा प्लॉट होता. आता तिथे ६८१ फूट उंच इमारत उभी आहे. इथपर्यंत सगळं पोस्टकार्डावर छापण्यासारखं.

मग दोन चौक ओलांडा. पार्किंग. आणखी एक चौक, पुन्हा पार्किंग. मधे एक सुंदर नूतनीकरण झालेली इमारत, तळमजल्यावर 'भाड्याने देणे आहे'चा फलक, पलीकडे पुन्हा डांबराचं मैदान. लिटल सीझर्स अरीना हे बंदिस्त स्टेडियम २०१७ मध्ये उघडलं. त्याच्या भोवती पाच नव्या वस्त्या उभ्या राहणार म्हणून २०१४ मध्ये चित्रं दाखवली होती. आज अरीनाच्या आजूबाजूला फिरा आणि वस्त्या शोधा. मॅचच्या रात्री एका गाडीचे पन्नास-साठ डॉलर कमावणारी मोकळी जमीन बांधायची घाई कोणाला असेल? रिकाम्या जमिनीवर कर कमी आणि बांधकामावर जास्त, हे उलटं करायचा प्रस्ताव त्या वेळचे महापौर माइक डगन यांनी २०२३ मध्ये मांडला होता. राज्याच्या विधिमंडळात तो अडला.

उन्हाळ्यात माझे आई-बाबा नाशिकहून आले होते. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही वुडवर्डच्या मागच्या रस्त्याने चालत होतो. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अगं, कर्फ्यू आहे का आज?" आईला मात्र आवडलं, कारण रिव्हरवॉक. तिच्या चालण्याची सोय झाली. कधीकाळी सिमेंटचे सायलो आणि पार्किंग असलेला नदीकाठ आता मैलोन् मैल चालता येतो, बाक आहेत, स्वच्छतागृहं आहेत, गर्दीत सगळ्या वयाची आणि रंगाची माणसं दिसतात. समोर कॅनडा, तोही दक्षिणेला. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. रिव्हरवॉकला मी पाचपैकी सहा देईन. तिथून डेक्विंडर कट या जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेने ईस्टर्न मार्केटला जाता येतं. १८९१ पासूनचा बाजार, शनिवारी जा, टोमॅटो आणि मिरच्या पेटीने आणा.

गर्दीचं गणित इथे कॅलेंडरवर चालतं. चारही मोठ्या खेळांचे संघ डाउनटाउनमध्ये खेळतात. लायन्सची मॅच, बेसबॉलच्या टायगर्सचा मोसमातला पहिला सामना, मे महिन्यात हार्ट प्लाझामध्ये टेक्नोचा महोत्सव, जूनमध्ये नदीवरचं आतषबाजीचं प्रदर्शन. २०२४ च्या एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टला (फुटबॉल संघ नवे खेळाडू निवडतात तो सोहळा) तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक आले होते. २०२३ पासून ग्रँड प्रिक्स ही मोटारींची शर्यत पुन्हा डाउनटाउनच्या रस्त्यांवर आली आहे. शर्यत तीन दिवसांची, पण काँक्रीटचे अडथळे आणि जाळ्या कितीतरी आधी लागतात आणि नदीकडचा जेफरसन रस्ता ओलांडणं हे एक काम होऊन बसतं. पाहुणे असाल तर मजाच मजा. राहत असाल तर घरी यायचा रस्ता फोनवर बघूनच ऑफिसातून निघायचं. दुकानंही याच तालावर चालतात: सोळा डॉलरचं कॉकटेल रात्री एकपर्यंत मिळेल, चप्पल शिवणारा किंवा साधं हार्डवेअरचं दुकान शोधून दाखवा. किराणाची स्थिती सुधारलीय, जेफरसनवर २०२१ मध्ये मायर या सुपरमार्केट साखळीचं छोटं मार्केट आलं, तिथे दूध-भाजी होते. डाळी, पोहे, ज्वारीचं पीठ यांसाठी महिन्यातून एकदा कॅन्टन किंवा नोव्हाय या उपनगरांची फेरी आहेच.

सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक जण आवाज खाली करून विचारतो. २०२३ मध्ये शहरात २५२ खून झाले, १९६६ नंतरचा सर्वात कमी आकडा, आणि २०२४ मध्ये तो २०३ वर आला. मी रात्री अकराला एकटी चालत आले आहे, भीती वाटली नाही. दिवे आहेत (शहराच्या दिवाळखोरीच्या सुमारास इथले चाळीस टक्के बंद होते, २०१६ अखेर ६५,००० नवे एलईडी बसले), कॅमेरे आहेत, खासगी सुरक्षारक्षकांच्या गाड्या फिरतात. अस्वस्थ वाटतं ते रिकाम्या रस्त्याने, माणसांनी नाही.

आता वाहतूक. पीपल मूव्हर ही उंचावरून धावणारी छोटी ट्रेन. १९८७ चा, २.९ मैलांचं वर्तुळ, एकाच दिशेने फिरतो. दोन स्टेशनं मागे जायचं असेल तर सगळं डाउनटाउन बघून यावं लागतं. २०२४ पासून फुकट आहे, पाहुण्यांना दाखवायला छान. क्यूलाइन ट्राम वुडवर्डवर ३.३ मैल धावते, तीही फुकट, पण रस्त्याच्या कडेच्या लेनमधून. कुणी डिलिव्हरीची गाडी रुळावर लावली की ट्राम घंटा वाजवत उभी. आर्ट म्युझियमला जायला उत्तम, वेळेवर पोचायचं असेल तर नको. २०१६ मध्ये चार काउंट्यांच्या एकत्रित वाहतुकीसाठीचा कर मतदानात थोडक्यात पडला, त्याची किंमत अजून मोजतोय. विमानतळाला थेट बस आहे, ती मात्र खरंच कामाची. नवरा रोज आय-७५ हायवेने उलट दिशेला ऑबर्न हिल्सला जातो, म्हणजे गाडी सुटलेली नाही. दोन होत्या, एक विकली, एवढंच.

हे सगळं नव्याने भरतंय म्हणतात, ते नीट बघायला हवं. रेनेसान्स सेंटर हा नदीकाठचा टॉवरांचा समूह १९७७ मध्ये उघडला तो शहर वाचवायला. त्याने जुन्या डाउनटाउनमधलेच भाडेकरू नदीकाठी ओढून नेले आणि जुन्या इमारती आणखी रिकाम्या झाल्या. २०२४ मध्ये जनरल मोटर्सने तिथून मुख्यालय हलवून हडसन्सच्या नव्या इमारतीत नेण्याचं जाहीर केलं, अंतर चालत पंधरा मिनिटं. एक इमारत भरते तेव्हा दुसरी रिकामी होते, कारण ऑफिसात बसणारी माणसं वाढलेली नाहीत. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. २०२३ च्या अंदाजात ती १९५७ नंतर पहिल्यांदा वाढली. मला विचाराल तर तो आकडा सगळ्या टॉवरांपेक्षा महत्त्वाचा. मिशिगन सेंट्रल स्टेशनचं वेगळं: १९८८ पासून बंद, फोर्डने २०१८ मध्ये घेतलं, २०२४ मध्ये उघडलं, आणि तिथे जाताना कॉर्कटाउन या वस्तीत शाळेला जाणारी मुलं दिसतात. आमच्या इमारतीत कुत्री भरपूर, मुलं दोन.

आणि रिकाम्या शहरातही कुणीतरी राहत होतंच. कॅपिटल पार्कजवळच्या ग्रिस्वोल्ड अपार्टमेंट्समध्ये अनुदानित भाड्याने राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना २०१३ मध्ये जागा सोडायच्या नोटिसा मिळाल्या, पुढे तीच इमारत बाजारभावाच्या फ्लॅटांची झाली. २०१७ च्या नियमाप्रमाणे शहराचं मोठं अनुदान घेणाऱ्या प्रकल्पात वीस टक्के घरं परवडणारी ठेवावी लागतात. पण 'परवडणारी' हे सबर्ब धरून काढलेल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवर ठरतं. डेट्रॉईटमधल्या साध्या पगाराच्या माणसाला तेही जड जातं. आय-३७५ या खोलगट हायवेच्या खड्ड्यावरून चालताना हे आठवतं. ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट पुसून तो हायवे १९६४ मध्ये झाला. तो बुजवून साधा रस्ता करायला २०२२ मध्ये केंद्राचा निधी मंजूर झाला, काम मात्र रेंगाळलंय.

तर कोणी यावं? दोघंच असाल, एकाचं तरी ऑफिस चालत जाण्याजोगं असेल, खेळ-नाटक-संगीताची आवड असेल तर एक वर्ष नक्की या. मुलं शाळेत जाणारी असतील तर मी नाही म्हणेन. विकत घेण्याबाबत तर अजून थांबा. नव्या काँडोंची करसवलत ठरावीक वर्षांची असते, ती संपली की मालमत्ता कर किती होईल हे विचारल्याशिवाय जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. आम्ही लीज आणखी एक वर्ष वाढवली आहे, पण त्याच इमारतीत, चौकाकडे तोंड असलेला फ्लॅट मागून घेतला.

सही करण्याआधी कागदावर हे मांडा. पार्किंग भाड्यात नसतं, आमचे महिन्याला अडीचशे डॉलर वेगळे जातात. पत्ता बदलल्यावर गाडीचा विमा दीडपट झाला, गाडी तीच, चालवणारे तेच. तेव्हा कोटेशन आधी घ्या. शहराचा उत्पन्नकर रहिवाशांना २.४ टक्के, बाहेर राहून इथे नोकरी करणाऱ्यांना १.२. म्हणजे लाख डॉलर पगाराला वर्षाचे सुमारे २,४०० डॉलर. नोकरी शहराबाहेर असेल तर कंपनी बहुधा हा कर पगारातून कापत नाही. तो दर तिमाहीला आपला आपण भरायचा असतो. नवऱ्याच्या पगाराचा आम्ही तसाच भरतो.