'अल्टरनेटर गेलाय' म्हणून सांगतात, तेव्हा तो जागेवर असतानाच मोजून घ्या

जुन्या गाडीची बॅटरी वरचेवर उतरायला लागली की बहुतेक फसवणूक एकाच चालीने होते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावतात, 12.3 व्होल्ट दाखवतात आणि निर्णय ऐकवतात: अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदला. आकडा खरा असतो, त्यामुळे मालकाला शंका येत नाही. पण त्या आकड्यावरून बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचत नाही एवढंच कळतं. ते तयारच होत नाही की वाटेत अडतंय, हे अजून कुणी तपासलेलंच नसतं.

ते तपासायला पाच मिनिटं लागतात. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून इंजिन साधारण 2000 आरपीएमवर धरा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी त्याच्या बॉडीवर ठेवा. तिथे 14 व्होल्ट किंवा जास्त आणि बॅटरीवर मात्र 12.3 असतील, तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. मग एक पिन त्याच बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा: फरक 0.3 व्होल्टच्या आत हवा. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस, 0.2 च्या आत. जास्त निघाला तर गंजलेला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), सैल नट किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी शोधा. (या बोल्टवर बॅटरीचा करंट कायम असतो. तिथे पाना लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा.)

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही पाहा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागा करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि बदलला जातो अल्टरनेटर! पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जात असेल, तर आधी तो ताणून घ्या.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'बघा, गाडी बंद पडली' असं कुणी दाखवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. ही डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जनरेटरच्या) काळातली सवय आहे. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि आतले चांगले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे) व रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) जळू शकतात. म्हणजे खोटं निदान तिथल्या तिथे खरं होतं.

नवा बसवल्यावर गाडी नीट चालते, म्हणून फसवणूक उघडकीला येत नाही. बसवताना लग घासला जातो, नट आवळले जातात, पट्टा ताणला जातो, बॅटरी बाहेरून चार्ज केली जाते. मूळ दोष तेवढ्यानेच गेलेला असतो. तुमचा चांगला अल्टरनेटर मग रंग मारून पुढच्या गिऱ्हाइकाला 'नवा' म्हणून विकला जाऊ शकतो.

म्हणून काढण्याआधी त्यावर ओरखड्याची खूण करा आणि जुना भाग परत घ्या. नव्याच्या जाळीतून टॉर्च मारून पाहा. रंगाखाली धूळ, किंवा कार्बन ब्रश घासतात त्या तांब्याच्या कड्यांवर खाचा दिसल्या, तर तो वापरलेला आहे. दोष खरोखर आतला असला तरी बऱ्याचदा ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून भागतं. चालू इंजिनवर बॅटरीवर मीटरच्या एसी व्होल्ट रेंजमध्ये 0.5 व्होल्टपेक्षा जास्त आले, तर डायोड प्लेट गेली असं समजा.