बेसबॉल-रेफरन्स आणि प्रो-फुटबॉल-रेफरन्स: कंपनी एकच, पण एका साइटला पाच स्टार आणि दुसरीला तीन

आधी निकाल सांगून टाकतो, कारण खाली बरंच लांबण लागणारे. बेसबॉलवर भांडायचं असेल तर बेसबॉल-रेफरन्ससारखी दुसरी साइट नाही, फुकट आहे, आजच सेव्ह करून ठेवा. अमेरिकन फुटबॉलवर भांडायचं असेल तर त्याच कंपनीची प्रो-फुटबॉल-रेफरन्स आहे, तीही फुकट, तीही चांगली, पण नुसती तिच्या जिवावर वाद जिंकायला जाल तर अर्ध्यात तोंडघशी पडाल, आणि त्यात दोष साइटचा कमी आणि खेळाचा जास्त आहे.

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणजे ऑफिसात यांकीजवाले, मेट्सवाले आणि नदीपलीकडचे फिलीवाले असे तिन्ही प्रकार एकाच टेबलावर जेवायला बसतात आणि मीटिंगला उशीर झाला तरी चालेल पण वाद अर्धा सोडायचा नाही हा नियम. आपण गावसकर की सचिन करत मोठे झालेलो, त्यामुळे भांडणाची सवय होतीच, फक्त माल नव्हता. तो माल या साइटवर मिळतो. कंपनी फिलाडेल्फियाची, नाव स्पोर्ट्स रेफरन्स. बेसबॉलची साइट शॉन फोरमनने २००० साली काढली, फुटबॉलची डग ड्रिनेनने, आणि दोघेही मुळात गणिताचे प्राध्यापक, जे साइट बघितल्या बघितल्या कळतंच म्हणा. सजावट बिजावट काही नाही, नुसते आकडे, निळ्या लिंका आणि तक्ते.

पण त्या तक्त्यात काय काय आहे राव! कुठल्याही प्लेअरचं पान उघडा, वर त्याचे जर्सी नंबर, टोपणनावं, मग एकेका सीझनची ओळ. एखादा आकडा ठळक दिसला की समजायचं त्या वर्षी तो लीगमध्ये पहिला होता, त्यामुळे मोठ्या प्लेअरचं पान लांबूनच ओळखू येतं, सगळं काळं काळं दिसतं. आणि माझा सगळ्यात आवडता कॉलम म्हणजे ओपीएस प्लस. बॅटर बेसवर किती पोचतो अधिक किती लांब मारतो, त्यावर त्या वर्षीची लीग आणि घरचं मैदान याचा हिशोब लावून एक आकडा, १०० म्हणजे सरासरी, १५० म्हणजे सरासरीपेक्षा पन्नास टक्के वरचा. म्हणजे १९६८ साली पिचरांचं (म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचं) राज्य होतं आणि २००० साली होमरनचा (आपल्या सिक्सरसारख्या फटक्याचा) पाऊस होता हे वेगळं सांगत बसावं लागत नाही. आपल्याकडे गावसकरचे ५१.१२ आणि सचिनचे ५३.७८ घेऊन दोन पिढ्या भांडल्या, पण पिच आणि समोरचे बॉलर धरून दोघांना एका मापात बसवणारा असा एक आकडा काही चहाच्या टपरीपर्यंत पोचला नाही. इथे तो पोचलाय, आमच्या ऑफिसातला सिक्युरिटीवालासुद्धा ओपीएस प्लस सांगतो.

मग येतं वॉर. लढाई नाही, WAR असा तीन अक्षरांचा एक आकडा आहे, सगळ्या भांडणांचं मूळ. कल्पना अशी की मायनर लीगमधून कमीत कमी पगारात कुणीही उचलून आणला तर तो जेवढं देईल त्यापेक्षा हा प्लेअर टीमला किती मॅच जास्त जिंकून देतो. नुसत्या अशा उचलून आणलेल्यांची टीम केली तर ती १६२ पैकी साधारण ४८ मॅच जिंकेल असं गृहीत धरलंय. बॅटिंग, फील्डिंग, पळणं, पोझिशन सगळं त्यात. २०१२ चं अमेरिकन लीगचं एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम प्लेअरचा किताब) आठवतंय का कुणाला? मिगेल कबरेराने ट्रिपल क्राउन मारला, म्हणजे तिन्ही आकड्यांत लीगमध्ये पहिला, .३३० सरासरी, ४४ होमरन, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन), १९६७ नंतर पहिल्यांदाच कुणी, आणि दुसरीकडे पहिला पूर्ण सीझन खेळणारा माइक ट्राउट ज्याचं वॉर दहाच्या वर आणि कबरेराचं सातच्या आसपास. मत देणाऱ्यांनी २८ पैकी २२ पहिली मतं कबरेराला दिली. त्यावर लोक अजून भांडतात, आणि मी कबूल करतो मी ट्राउटच्या बाजूचा आहे, कारण धावणं आणि सेंटर फील्ड सांभाळणं हे काय फुकटचं काम नाही. पण हेही लक्षात ठेवा की फॅनग्राफ्स नावाच्या दुसऱ्या साइटचं वॉर वेगळं निघतं, खासकरून पिचरांचं, कारण बेसबॉल-रेफरन्स पिचरने खरोखर किती रन दिले तिथून सुरू करतं आणि फॅनग्राफ्स फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वॉक (चार बाहेरचे बॉल पडले की फुकट बेस), होमरन अशा पिचरच्याच हातातल्या गोष्टी बघतं. त्यामुळे ६.१ आणि ५.८ वरून जो माणूस गळा काढतो त्याच्याशी वाद घालू नका, जेवा आणि उठा.

आता बॅरी बॉन्ड्स, कारण त्याच्याशिवाय एकही लंच संपत नाही. त्याचं पान म्हणजे या साइटचं सगळ्यात भारी पान, एखाद्या रविवारी निवांत वाचायचं. ७६२ होमरन, सात एमव्हीपी, वॉर १६२ च्या वर, त्याच्या वर बेब रूथ १८० च्या पुढे, आणि रूथच्या आकड्यात त्याची पिचिंग पण आली, ९४ मॅच जिंकलेला पिचर होता तो. बॉन्ड्सची २००४ ची ओळ बघा. ४५ होमरन आणि स्ट्राइकआउट फक्त ४१. २३२ वॉक, त्यातले १२० मुद्दाम दिलेले, म्हणजे समोरच्या टीमने हात जोडून सांगितलं बाबा तू फुकट जा बेसवर पण मारू नकोस. बेसवर पोचण्याचं प्रमाण .६०९, म्हणजे दहापैकी सहा वेळा आउटच नाही. आता यांकीजवाला म्हणतो सगळं स्टिरॉइड, बास, विषय संपला. तर मी त्याला १९९८ पर्यंतच्याच ओळी दाखवतो, तोवर तीन एमव्हीपी, ४०० होमरन आणि ४०० चोरलेले बेस असलेला इतिहासातला एकमेव माणूस, वॉर शंभरच्या घरात, आणि जे काही संशयाचं म्हणतात ते त्यानंतरचं. तिथेच थांबला असता तरी हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला असता. २०२२ मध्ये त्याच्या मतदानाच्या शेवटच्या, दहाव्या वर्षी त्याला ६६ टक्के मतं पडली, लागतात ७५. साइट यावर एक शब्द बोलत नाही, तिथे कसलीच खूण नाही, फुली नाही, ताशेरा नाही. काही लोकांना हे खटकतं. मला आवडतं, कारण निकाल देणं हे आमचं काम, साइटचं नाही.

दुसरी गोष्ट, ही मंडळी अधिकृत आकड्यांपुढेही मान तुकवत नाहीत. जुन्या काळचा बॅटर टाय कॉब, त्याचे हिट अख्ख्या अमेरिकेने ४१९१ म्हणून पाठ केलेले, साइटवर मात्र ४१८९, कारण १९१० ची एक मॅच दोनदा मोजली गेली होती. म्हणजे पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत घरच्या लोकांसमोर ४१९२ वा हिट मारून रेकॉर्ड तोडला, टाळ्या, फटाके, सगळं झालं, पण या हिशोबाने तो तीन दिवस आधीच शिकागोत तुटला होता आणि कुणाला पत्ताच नाही! आणि निग्रो लीगचं (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचं) म्हणाल तर साइटने २०२१ मध्येच त्या खेळाडूंचे आकडे मेजर लीगच्या बरोबरीने लावले, मेजर लीग बेसबॉलने स्वतःच्या नोंदीत ते घेतले २०२४ मध्ये, आणि मग जॉश गिब्सन .३७२ सरासरीने कॉबच्या वर गेला. ज्या माणसाला गोऱ्यांच्या लीगमध्ये कधी खेळूच दिलं नाही, जो मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी वारला. त्यावरून आमच्याकडे एक फिलीवाला म्हातारा तावातावाने म्हणाला की मॅच कमी खेळलाय तो. बरोबर आहे, कमी नोंदल्या गेल्यात. पण ते कोणामुळे?

करिअर मोठं की शिखर मोठं हा वाद असेल, म्हणजे पिचर सँडी कोफॅक्स टाइप, सहा वर्षं आग ओकली, १९६६ मध्ये २७ मॅच जिंकून तिशीत रिटायर, तर त्यासाठी जे जॅफीचं जॉज नावाचं माप पानावरच आहे, पूर्ण करिअरचं वॉर आणि सगळ्यात चांगल्या सात वर्षांचं वॉर यांची सरासरी. कोफॅक्स त्यात हॉल ऑफ फेममधल्या पिचरांच्या सरासरीच्या खाली येतो. मला विचाराल तर त्यात माप हरतं, कोफॅक्स नाही.

आता फुटबॉल. इथे माझा सूर बदलणार.

जो थॉमसचं पान उघडा. क्लीव्हलंड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला समोरच्यांना अडवणारा), २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप (एकेक चाल) खेळला, एकही न चुकवता, दहा वेळा प्रो बोल (निवडक स्टार खेळाडूंत निवड), २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम. आणि पानावर काय? किती मॅच खेळला, किती सुरू केल्या. झालं. ज्याने अकरा वर्षं क्वार्टरबॅकचा (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा) जीव वाचवला (आणि ब्राउन्सचे क्वार्टरबॅक म्हणजे दर वर्षी नवा चेहरा) त्याच्या कामाचा एक आकडा नाही, कारण ब्लॉकिंग कुणी जुन्या काळापासून मोजलंच नाही. मैदानावर एका बाजूला अकरा माणसं, त्यातले पाच लाइनवर, म्हणजे जवळजवळ निम्मी टीम तक्त्यात दिसतच नाही. ड्रिनेनने यावर तोडगा म्हणून अ‍ॅप्रॉक्सिमेट व्हॅल्यू नावाचा आकडा काढला, टीमने किती पॉइंट केले त्याचं श्रेय सगळ्यांत वाटून द्यायचं, ऑल-प्रो (त्या वर्षीच्या सर्वोत्तम टीममध्ये निवड) असेल तर थोडं जास्त. नावातच अंदाजे आहे, प्रामाणिक माणूस. पण लोक तो वॉरसारखा फेकतात आणि तिथे चुकतं.

मग आकडा नसला की लोक कशावर येतात? रिंगांवर, म्हणजे सुपर बोल (फायनल) जिंकल्याच्या अंगठ्यांवर. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या सात, मोंटानाच्या चार, महोम्सच्या आत्तापर्यंत तीन, संपला वाद. साइटवर क्वार्टरबॅकच्या पानात हार-जीतचा कॉलमच आहे आणि माझ्या मते सगळी भानगड त्या कॉलमने केलीय. जायंट्सचा एलाय मॅनिंग घ्या, आमच्या जर्सीचा लाडका. त्या कॉलममध्ये ११७-११७. इतकं बरोब्बर मधलं की हसू येतं. आणि त्याच माणसाने ब्रेडीला सुपर बोलमध्ये दोनदा हरवलं, त्यातला पहिला ब्रेडीची टीम न्यू इंग्लंड १८-० असताना, दोन्ही वेळा एमव्हीपी. थोर की साधारण? २०२५ ला पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेमने नाही म्हटलं तेव्हा ऑफिसात दोन दिवस कामच झालं नाही. उलट्या बाजूने बघा, २०१८ च्या फेब्रुवारीत ब्रेडीने ५०५ यार्ड टाकले, तीन टचडाउन, एकही इंटरसेप्शन (बॉल समोरच्यांनी झेलणं) नाही, आणि हरला, ईगल्सचा राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स जिंकला ४१-३३. त्या कॉलममध्ये ती ब्रेडीची हार. फिलीवाल्यांसमोर हे बोलू नका, ते परत पूर्ण मॅच सांगायला बसतात.

काळ धरून तुलना करायची सोय आहे, नाही असं नाही. पासिंगचे आकडे त्या वर्षीच्या लीगशी लावून १०० म्हणजे सरासरी असा एक तक्ता आहे, पण तो बराच खाली दडलेला, आणि ओपीएस प्लससारखा लोकांच्या तोंडी बसलेला नाही. डॅन मरीनोने १९८४ मध्ये ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन केले ते आजच्या आकड्यांशेजारी नुसते चांगले वाटतात, त्या काळच्या शेजारी ठेवले की वेडेपणा वाटतो. हा तक्ता वर आणा हो, एवढं एकच मागणं.

एका गोष्टीसाठी मात्र फुटबॉलवाल्यांना सलाम. एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलच्या लीगने) सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला आडवं करणं, अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये. म्हणजे डीकन जोन्स, ज्याने म्हणे सॅक हा शब्दच रुजवला, त्याच्या नावावर अधिकृत शून्य. २०२१ मध्ये साइटने जुन्या मॅचच्या नोंदी चाळणाऱ्या संशोधकांचं काम घेऊन १९६० पर्यंतचे सॅक टाकले आणि जोन्सच्या नावापुढे १७३.५ आले, ब्रूस स्मिथ आणि रेजी व्हाइटच्या खालोखाल. डेट्रॉइटच्या अल बेकरचे १९७८ चे २३ पण दिसायला लागले, स्ट्रॅहॅनच्या २००१ च्या साडेबावीसच्या वर. अनधिकृत असं स्पष्ट लिहिलंय, पण भांडायला तेवढं पुरतं.

वापरायला कशी, तर लॅपटॉपवर झक्कास, फोनवर तक्ते रुंद असल्याने बोटाने सरकवत बसायचं, आणि फुकटात जाहिराती येणारच. पैसे भरून घ्यायची ती स्टॅटहेड, तिथे हवा तो प्रश्न विचारता येतो. उदाहरणार्थ चाळीसच्या वर होमरन पण स्ट्राइकआउट त्याहून कमी, असं कोणी केलं? गेहरिग, डिमॅजिओ वगैरे जुनी मंडळी येतात, १९५५ च्या टेड क्लुझेव्स्कीनंतर थेट २००४ चा बॉन्ड्स, मधे कुणीच नाही. ही असली उत्तरं समोर आली की टेबलावर दोन मिनिटं शांतता. बेसबॉलची वर्गणी मी भरतो आणि भरत राहणार. फुटबॉलची नाही भरत.

ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांनी इमॅक्युलेट ग्रिडपासून सुरुवात करावी, २०२३ मध्ये याच कंपनीने विकत घेतलेला रोजचा खेळ, नऊ चौकोन, नऊच संधी, यांकीज आणि रेड सॉक्स दोन्हीकडून खेळलेला कोण असं विचारतात. बेब रूथ लिहिलं तर बरोबर, पण तो सगळेच लिहितात, जितकं कमी लोकांना सुचलेलं नाव तितका तुमचा स्कोअर चांगला. मी वेड बॉग्ज लिहितो.