कार्नेटवर आणलेली दुबईची गाडी कोकणात: पूर्ण मुदत वापरल्यानंतर

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ज्या घरातलं कुणी आखातात आहे, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच: तिथली गाडी इथे आणता येईल का? कायमची आणायची म्हणाल तर जवळजवळ नाही. काही महिन्यांपुरती आणायची तर हो, आणि तीही आयात शुल्क न भरता. त्यासाठी ‘कार्नेट द पासाज’ नावाची एक पुस्तिका लागते. दुबईत नोंदलेली, डाव्या स्टिअरिंगची पेट्रोल एसयूव्ही या पुस्तिकेवर न्हावा शेव्याला उतरवून, मुदतभर कोकणात चालवून परत पाठवल्यानंतरचं हे मत आहे. गाडीपेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहिलं आहे, कारण या प्रकारात फसतात ते कागदच.

आधी कायमच्या आयातीचा विषय संपवू. बाहेर वापरलेली मोटार भारतात आणायची तर सर्वसाधारण नियम असा आहे: उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आयातीनंतर किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल अशी हवी आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. आखातातल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे दुसऱ्याच अटीवर बहुतेकांचं गाडं अडतं. ‘कायमचे परत येतोय, घरसामानात गाडी टाकू’ असं अनेक जण धरून चालतात. तसं होत नाही. कस्टम कायद्यातल्या ‘बॅगेज’च्या व्याख्येतूनच मोटारगाडी वगळलेली आहे, त्यामुळे टीव्ही-फ्रीजची सवलत तिला लागत नाही.

शुल्काचा हिशेबही एकदा करून पाहावा. जुन्या गाडीची किंमत काढताना कस्टम मूळ किमतीतून तिमाहीवार घसारा वजा करतं: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५ आणि पुढे २ टक्के. दोन वर्षं वापरलेल्या गाडीचा घसारा २८ टक्के होतो. नवी असताना २० लाखांना घेतलेली गाडी १४.४० लाखांची धरली जाते. भाडं आणि विमा मिळवून ती १५ लाख झाली असं समजू. त्यावर २०२५च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के मूळ शुल्क आणि ६७.५ टक्के कृषी अधिभार, म्हणजे २०.६२ लाख. या बेरजेवर मोठ्या गाडीला ४० टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे आणखी १४.२५ लाख. पंधरा लाखांच्या जुन्या गाडीवर पस्तीस लाखांच्या आसपास शुल्क! एवढ्या पैशात इथे शोरूममधून नवीकोरी गाडी दारात येते आणि हमीही मिळते.

कार्नेट हातात आल्यावर

कार्नेट देतो तो गाडी जिथे नोंदली आहे त्या देशातला मोटार क्लब. गाडी परत येईल याची हमी तो घेतो आणि त्यासाठी आपल्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेतो. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणत्या देशात जाणार यावर ठरते. आपल्याकडचं शुल्क जबर असल्याने भारताचं नाव यादीत आलं की अनामत वाढते. पुस्तिकेची वैधता एक वर्ष, पण भारतात गाडी ठेवण्याची मुदत सहा महिने. हे दोन आकडे एकच समजणारे पुढे पस्तावतात.

प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात: गाडी येताना कस्टम फाडून ठेवतं तो, जाताना फाडतं तो, आणि पुस्तिकेतच राहणारं अर्धुक. आपल्या दृष्टीने सगळं मोल या अर्धुकाचं. त्यावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन शिक्के, तारीख, बंदराचं नाव आणि सही वाचता येईल अशी हवी. काउंटर सोडण्यापूर्वी ते स्वतः वाचावं, ‘एजंट बघून घेईल’ म्हणू नये. तारीख पुसट उठली तर तिथल्या तिथे पुन्हा शिक्का मारून घेता येतो, महिन्याभराने नाही.

पुस्तिका हातात पडली की पहिल्याच दिवशी चासी क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. टाइप केलेल्या क्रमांकात ‘ओ’ दिसला तर तो शून्याच्या जागी चुकून आलेला आहे, हे गाडीजवळ न जाताही कळतं. इंजिन क्रमांक मात्र मुल्कियावरून (अमिरातीतल्या नोंदणीपत्रावरून) उतरवू नये, इंजिनावर कोरलेला पाहून घ्यावा. जुन्या गाडीचं इंजिन बदललेलं असेल तर दोन्हींत फरक निघतो. रंग, आसनसंख्या, सुटी चाकं, स्टिरिओ, छतावरचं कॅरियर हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथे दोन स्टेपन्या लिहिल्या आणि परत जाताना एकच निघाली तर दुसरीचा जाब द्यावा लागतो.

मुल्कियाचं आणखी एक. अमिरातीत ती दरवर्षी नवी करावी लागते आणि तीन वर्षांवरच्या गाडीला त्यासाठी तपासणी केंद्रात उभं राहावं लागतं. गाडी चिपळुणात आणि मुल्किया संपली, तर ती नवी करायला गाडी तिथे नाही आणि इथे चालवायला वैध नोंदणी नाही. म्हणून निघण्यापूर्वी किमान आठ महिने शिल्लक असतील असं पाहा, नाहीतर आधीच नूतनीकरण करून मग गाडी कंटेनरमध्ये घाला. सौदीच्या इस्तिमाऱ्याबाबत (तिथल्या नोंदणीपत्राबाबत) वेगळी काळजी: कागद अरबीत असेल तर देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर मूळ कागदासोबत हवं. परदेशी खासगी गाड्यांसाठी २०२२ साली जे केंद्रीय नियम आले, त्यात ही अट स्पष्ट आहे. त्याच नियमांनुसार गाडीत चार कागद कायम हवेत: नोंदणी, वाहन चालवण्याचा परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा, आणि मूळ देशात लागू असेल तर पीयूसी. अशा गाडीतून भाड्याने प्रवासी किंवा माल नेता येत नाही.

कंटेनर आणि न्हावा शेवा

मोठी एसयूव्ही वीस फुटी कंटेनरमध्ये बसते, पण आतली रुंदी साधारण २.३५ मीटरच असते. आरसे मिटवून गाडी आत घातल्यावर दार पुरतं उघडत नाही. चालवणाऱ्याला काचेतून किंवा मागच्या दारातून बाहेर यावं लागतं, तेव्हा काच खाली घेऊन ठेवा आणि बॅटरी सगळ्यात शेवटी काढा. पेट्रोल पाव टाकीच्या खाली असावं. चाकांना लावलेल्या लाकडी ठोकळ्यांवर आयएसपीएम-१५ची (कीड मारलेल्या लाकडाची) मोहोर आहे का ते बघा. ती नसली तर इथे लाकडावरून खोळंबा होतो. गाडीत कपडे, खेळणी, परफ्यूमची खोकी भरू नका. कार्नेट गाडीपुरतं असतं, आत सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशेब होतो.

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराला जहाज लागलं की बोट कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याची चिठ्ठी), मग सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामात, कंटेनर उघडणं, कस्टमची चासी-तपासणी, शेवटी अर्धुकावर शिक्का असा क्रम. मोकळे दिवस संपले की सीएफएसचं जागाभाडं आणि बोट कंपनीचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार) अशी दोन मीटर एकदम पळू लागतात. म्हणून सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) निवडताना फी नव्हे, त्याने याआधी कार्नेट हाताळलं आहे का हे विचारा. रोज मालाची बिलं करणारा माणूस कार्नेटची गाडीही नेहमीच्या आयातीसारखी दाखल करू पाहतो. ती चूक निस्तरेपर्यंत आठवडा जातो आणि भाडं आपल्यालाच भरावं लागतं. बिल ऑफ लेडिंगवर (बोट कंपनीच्या माल-पावतीवर) गाडी घेणाऱ्याचं नाव कार्नेटवरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. पासपोर्टवर आडनाव आहे आणि बिलावर नाही, एवढ्यावरूनही काम थांबतं.

अमिरातीतला विमा इथे चालत नाही. भारतीय कंपनीचा निदान थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. ऑनलाइन तो निघत नाही, कारण फॉर्ममध्ये भारतीय क्रमांकाचाच साचा असतो. शाखेत जाऊन चासी क्रमांकावर काढावा, आणि बंदरातून गाडी बाहेर काढण्यापूर्वी काढावा.

कोकणातल्या रस्त्यांवर

पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागल्यापासून डाव्या स्टिअरिंगचा खरा कस लागतो. चौपदरी भागात काही वाटत नाही. पण दुपदरी रस्त्यावर पुढे एसटी असली की चालकाला समोरचं काहीच दिसत नाही, कारण तो कडेच्या बाजूला बसलेला. शेजारच्याच्या ‘घाल, घाल’वर गाडी बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. एकच उपाय: पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं आणि सरळ पट्टा दिसेपर्यंत मागेच राहायचं. आंबोली आणि फोंडा घाटात तर ओव्हरटेक करायचंच नाही असं ठरवून निघावं. वाडीतल्या अरुंद वाटेवर मात्र हेच स्टिअरिंग सोयीचं ठरतं. जांभ्याचा गडगा, गटार, साकवाची कड सगळं चालकाच्या डोळ्यांखाली असतं. समोरून गाडी आली तर वीतभर जागेतही बाजू देता येते.

हेडलाइटकडे फार थोडे लोक लक्ष देतात. उजवीकडून चालणाऱ्या देशातल्या दिव्याचा झोत उजव्या अंगाला वर चढतो. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काचेवर लावायच्या झोत-वळवणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या लावाच. लावल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून उजवीकडचा चढ गेला का ते तपासा.

इंधनाचं: आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर दहा टक्क्यांची मर्यादा लिहिली असेल तर गाडी आणण्यापूर्वीच विचार करा. काही महिन्यांत इंजिन बसणार नाही, पण मायलेज कमी होतं, आणि जुन्या रबरी नळ्या असतील तर त्या सुरुवातीला आणि शेवटी तपासून घ्याव्यात.

फास्टॅग भारतीय आरसीवर मिळतो, तो या गाडीला नाही. १५ नोव्हेंबर २०२५पासून टॅग नसलेल्याने यूपीआयने भरलं तर टोल सव्वापट पडतो. यूपीआयच वापरा. टोलची खिडकी उजवीकडे असल्याने पैसे शेजारी बसलेल्याने द्यायचे.

पोलीस थांबवतात, क्रमांक पाहून थांबवणारच. कार्नेटचं पहिलं पान आणि शिक्क्याचं अर्धुक यांच्या रंगीत प्रती, विमा आणि २०२२च्या नियमांची छापील प्रत एका फाइलीत ठेवली की बोलणं पाच मिनिटांत आटोपतं. मूळ पुस्तिका रोज सोबत नको. ती हरवली तर अनामत अडकली म्हणून समजा. पावसाळ्यात ती हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर इथल्या दमट हवेत पानं चिकटतात आणि शिक्क्याची शाई पलीकडच्या पानावर उमटते.

आणि चावी मालकानेच ठेवावी. सवलत आहे ती परदेशात राहणाऱ्या पाहुण्याच्या खासगी वापरासाठी. गावातल्या भावाला ‘चालव चार दिवस’ म्हणून देणं, लग्नाला भाड्याने लावणं, कुणाला विकण्याचा तोंडी व्यवहार करणं, यातल्या कशानेही अख्खं शुल्क गळ्यात येऊ शकतं.

मुदत आणि परतीचा प्रवास

गणपती आणि शिमगा दोन्ही एकाच मुदतीत बसवायचा मोह बहुतेकांना होतो. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, होळी २१ मार्च २०२७ला. चतुर्थीच्या आधी आठवडाभर गाडी उतरवली तर मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणजे पालखी अंगणात येण्याआधीच गाडी बंदरात. दोन्हींपैकी एक निवडा. शिमगा निवडत असाल तर ऑक्टोबरअखेर आणून एप्रिलमध्ये परत पाठवणं सगळ्यात सोयीचं: पाऊस टळतो, रस्ते कोरडे मिळतात.

परतीचं कंटेनर मुदतीच्या निदान दीड महिना आधी बुक करा. बोट पुढे ढकलली जाणं नेहमीचंच, आणि सहा महिने मोजताना बोटीची सबब कुणी ऐकत नाही. जाण्याचा शिक्का मूळ पुस्तिकेवरच हवा. एजंटने प्रत दाखवून काम उरकलं तर ते अर्धुक कोरंच राहतं आणि कस्टमच्या दृष्टीने गाडी अजून भारतातच असते.

दुबईला उतरल्यावर तिथल्या कस्टमकडूनही पुस्तिकेत परत आल्याची नोंद करून घ्या. एखादा शिक्का राहिला असेल तर पुस्तिकेच्या शेवटी गाडी कुठे आहे याचा दाखला भरायची जागा असते. अधिकाऱ्याला गाडी प्रत्यक्ष दाखवून तो भरून घेता येतो, आणि बहुतेक वेळा त्यावर काम निभावतं. त्यानंतरच पुस्तिका क्लबात जमा करा आणि पोच घ्या. देण्यापूर्वी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा: वैधता संपल्यावरही वर्षभर कस्टम क्लबाकडे दावा लावू शकतं, आणि तेव्हा हातात असतील ते हेच फोटो.