घोडी बघायला न येणारं गिऱ्हाईक

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की खानदेशात घोड्यांचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतात. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरायच्या आधीच कुणाला वछेरी, म्हणजे तरणी घोडी, विकायला काढायची असते, कुणाला वरातीची घोडी. भामटेही नेमके तेव्हाच गळ टाकून बसतात. आमच्या घरातून असेच 30,000 रुपये गेले. ते कसे गेले हे सविस्तर लिहितोय, कारण हाच डाव उद्या तुमच्यावर टाकला जाईल.

दादाने कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीच्या तांबूस रंगाच्या मारवाडी घोडीचा व्हिडिओ टाकला होता, किंमत 1,75,000. थोड्याच वेळात फोन आला. माणूस हिंदी बोलणारा. फौजेत आहे म्हणाला, पोस्टिंग राजस्थानात, मुलीला घोडेस्वारी शिकवायची आहे. ‘घोडी फायनल समझो.’ मागोमाग व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड. विश्वास बसावा म्हणून दादाचंही आधारकार्ड मागून घेतलं.

घोडा घ्यायला आलेला माणूस कसा वागतो, हे बाजारात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तो आधी जबडा उघडून दात बघतो, कारण पाच वर्षांपर्यंतचं वय दातच सांगतात. मग अंगावरून हात फिरवत केसांच्या भोवऱ्या शोधतो आणि एखादी वावग्या जागी सापडली की लगेच किंमत पाडतो. खूर उचलतो, कडक जमिनीवर पळवायला लावतो, लंगडते का बघतो. लाथ मारते का, बँडला बुजते का, गाडीत चढते का, गाभण आहे का, असं विचारून विचारून जीव खातो. परराज्यात न्यायची असेल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली आहे का, हे जाणकार विचारतोच. हा रोग माणसालाही होतो आणि तपासणीत सापडलेलं जनावर मारून टाकावं लागतं. या ‘फौजी’ने घोडीचं वयसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की खातं कोणत्या बँकेत आहे आणि मोबाइलवरून पैसे पाठवता येतात ना. पावणेदोन लाखांचं जनावर घेणारा घासाघीस न करता ‘हो’ म्हणतो, तिथेच सावध व्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने 2,05,000 पाठवल्याचं सांगितलं. वरचे 30,000 घोड्याच्या गाडीचं भाडं, ते गाडीवाल्याला द्यायचे. घोडा काही कोणत्याही टेंपोत घालून एवढ्या लांब नेता येत नाही, त्याला वेगळी गाडी लागते, भाडंही तगडं असतं. त्यामुळे ऐकणाऱ्याला यात वावगं काही वाटत नाही. डावाची सगळी हुशारी इथेच आहे. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, त्यात खात्याचे शेवटचे आकडेही बरोबर होते. पण तो आला होता दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँकेचे मेसेज असे येत नाहीत, तिथे पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरं असतात.

लगेच ‘ड्रायव्हर’चा फोन. धुळ्याच्या अलीकडे उभा आहे, डिझेलला पैसे नाहीत. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तो ठेवतो न ठेवतो तोच साहेबांचा फोन, आवाज चढवून: ड्यूटीवर निघतोय, पुढे रेंज नाही, गरिबाला का ताटकळत ठेवता? दादाने पैसे पाठवले. तासाभरात दोन्ही नंबर बंद. खात्यात एक रुपयाही जमा झालेला नव्हता.

म्हणून मेसेजवर किंवा स्क्रीनशॉटवर जाऊ नका. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघा, नाहीतर सरळ शाखेत विचारा. कुणी ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. शनिवारी संध्याकाळी चेक देऊन जनावर मागणाऱ्याला सोमवारी या म्हणावं. चेक परत आला तर कोर्टकचेरी करता येते, पण तोवर घोडा कुठल्या राज्यात गेला ते कोण शोधणार? इसार, म्हणजे आगाऊ रक्कम घ्या, समोर घोडी दाखवा, व्यवहाराची पावती करा. आणि दावं सोडायचं ते पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. व्यवहाराचा क्रमांक, मेसेज, कॉलची नोंद, काहीही पुसू नका. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आमची नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

आणि दादाचं आधारकार्ड त्या माणसाकडेच राहिलं आहे. उद्या ते दाखवून तो कुणाला तरी घोडी विकायला निघेल. खानदेशातला घोडेवाला म्हणून आधारकार्ड पाठवून कुणी इसार मागितला, तर रुपयाही पाठवू नका, आधी घोडी बघायला या.