स्ट्रॅट की लेस पॉल? गोव्यात वाजवणाऱ्यांसाठी

फोंड्याहून गिटार पाठीला लावून स्कूटरवर कळंगुट-हणजूणला वाजवायला जाणाऱ्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: पहिली चांगली गिटार कोणती घ्यावी? फेंडरची स्ट्रॅट (म्हणजे स्ट्रॅटोकास्टर) आणि गिब्सनची लेस पॉल या दोन्ही इलेक्ट्रिक गिटार वाजवल्यावर माझं मत स्ट्रॅटच्या बाजूने पडतं.

लेस पॉलचा आवाज भरदार, यात वाद नाही. लेड झेपेलिनच्या जिमी पेजचे रिफ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी) ज्याच्या कानात बसलेत त्याला दुसरं काही पटणारच नाही. 1957 पासून तिच्यात आलेले हंबकर पिकअप (तारांची थरथर टिपणारे, दोन गुंडाळ्यांचे) विजेची घरघर गिळून टाकतात. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये फ्रीज, दिवे, मिक्सर एकाच लायनीवर असले की हे वरदानच. तिथे स्ट्रॅटचे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप, गुणगुणत राहतात आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत ते फार टोचतं.

पण वजन! लेस पॉल सहज चार किलोच्या वर जाते. तीन तास उभं राहून वाजवलं की खांदा भरून येतो. शिवाय तिचं डोकं मागे कललेलं. पडली की तारा जिथून डोक्याकडे वळतात तिथेच तडा जातो, आणि चिकटवलेली मान सहज बदलता येत नाही. 1954 च्या मूळ रचनेपासून स्ट्रॅटची मान स्क्रूंवर बसते. बिघडली, काढली, दुसरी लावली.

खारा वारा दोघींनाही सोडत नाही. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

गुणगुण कमी करायची तर स्ट्रॅटचा पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत ठेवून बघा. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये तिथे ती जवळजवळ थांबते.