स्प्रिंगची एअर रायफल: एक पावसाळा काढल्यावर

पॉइंट १७७ बोअरची, म्हणजे ४.५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीची देशी ब्रेक-बॅरल (नळी मोडून स्प्रिंग दाबायची रायफल) उन्हाळ्यात घेतली, आता गणपतीही होऊन गेले. किमतीच्या मानाने नळी चोख आहे. ट्रिगर मात्र जड, आणि कधी सुटेल याचा अंदाज येत नाही.

स्प्रिंगवालीची खरी गोम धरण्यात आहे. घोडा ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो, बंदूक मागे येते. पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसका बसतो. हे सगळं होताना पेलेट (शिशाची छोटी गोळी) अजून नळीतच असतं! म्हणून आवळून धरलीत तर नेम इकडेतिकडे जाणारच. डावा तळहात नुसता खाली टेकवायचा, खांद्यालाही हलकेच लावायची, आणि दर वेळी जागा तीच ठेवायची. टोकदार पेलेट दिसतात जहाल, पण माझ्या रायफलमधून ती कागदभर पांगली. चपट्या तोंडाची घ्या, भोकही स्वच्छ पडतं आणि गुणांवरून वाद होत नाहीत.

मुंबईची हवा लोखंडाची वैरीण. जुलैत हाताचा घाम लागला की दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, पण सिलिंडरमध्ये तेल सोडू नका. दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो आणि सील खराब होतं. पेलेट न घालता उडवणंही तितकंच वाईट.

गावचे काका विचारतात, "ससा पडतो का रे?" त्यांच्या डोळ्यांसमोर ठासणीची बंदूक: गुळगुळीत नळी, दारू ठासून वर छर्रे, समोर पसरणारा मारा. इथे नळीत आटे, गोळी एकच. आणि काका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाचं नाव काढू नका. २० जूलपर्यंतच्या या बोअरला परवाना लागत नाही, पण तेवढ्यावरून गच्चीतून कबुतरं टिपायची मुभा मिळत नाही. आमच्या इमारतीत तर कागदावरही मारत नाही, थेट रेंजवर नेतो.

मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर ही घेऊ नका. दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. त्याला हिसका न देणारी पीसीपीच (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) हवी, आणि तिचा खर्च वेगळाच. मोकळ्या रविवारी मन लावून नेम धरायचा असेल, तर हिच्यात पैसे वसूल आहेत. घेताना दुकानातच ट्रिगर तपासून घ्या.